वाहाकाच्या चुलीपुढे

मेक्सिको हे नाव आपल्या खेड्याला काही नवे नाही. १९६६ साली आपल्या देशाने तिकडून अठरा हजार टन गव्हाचे बी आणले आणि ‘मेक्सिकन गहू’ हा शब्द सही न येणाऱ्या म्हाताऱ्यांच्याही तोंडी बसला. गाजर गवत खाणारे ते रेघारेघांचे भुंगेरे, जे आम्ही खात्यातली माणसे पावसाळ्यात डब्यांतून वाटत फिरतो, तेही मूळचे मेक्सिकोचे. १९८३ साली ते आपल्याकडे आणले. मिरचीचे, मक्याचे, चिकूचे आणि दसऱ्याच्या झेंडूचेही माहेर तेच. तिकडचे बी आले, फूल आले, किडाही आला. पण तिकडचा शेतकरी घरी जेवतो काय, हे मात्र आपल्याला ठाऊक नसते. ते पाहण्याचा योग मला २०२२ च्या दिवाळीत आला.

मी पंचायत समितीत विस्तार अधिकारी आहे. नोकरीला तीस वर्षे होत आली. एकुलती एक मुलगी आणि जावई मेक्सिकोतल्या केरेतारो शहरात नोकरी करतात. ‘बाबा, या’ म्हणून ती चार वर्षे मागे लागली होती. सरकारी माणसाला परदेशी जायचे तर आधी ना हरकत लागते. ती फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस विसावली हे सांगत बसत नाही. असो. दिवाळी मुलीकडे झाली. चकल्यांची भाजणी सौ.ने इथूनच नेली होती. मग जावईबापूंनी चार दिवसांची सुटी काढली आणि आम्ही गाडीने दक्षिणेला निघालो, वाहाका नावाच्या राज्यात. लिहिताना त्याचे स्पेलिंग काही भलतेच आहे, उच्चार मात्र वाहाका.

तुम्हाला तो मुलुख परका वाटणार नाही. डोंगराच्या कुशीतले खोरे, हलकी-मध्यम जमीन, पाऊस आपल्या अहिल्यानगर-सोलापूरकडच्याइतकाच आणि तितकाच बेभरवशाचा. बांधांवर फड्या निवडुंग. आणि जिकडे पाहावे तिकडे घायपात! आपण घायपात बांधावर लावतो, वाखाचे दोर वळतो. तिथे त्याची रांगेने लागवड करतात. सात-आठ वर्षांनी गड्डा खणून भट्टीत भाजतात, त्यापासून मेस्काल नावाची दारू गाळतात. अलीकडे त्या दारूला परदेशात मोठा भाव आला, म्हणून कित्येकांनी मक्याची शेते मोडून घायपात लावले आहे. आपल्याकडे ज्वारी मोडून ऊस आला, त्यातलाच प्रकार.

त्लाकोलुला नावाच्या बाजारगावाकडून मित्ला या जुन्या देवळांच्या गावाकडे रस्ता जातो. त्या रस्त्यावरच्या एका खेड्यात आम्ही ३१ ऑक्टोबरला दुपारी जेवायला थांबलो. घरगुती खानावळ होती. तिकडे अशा जागेला कोमेदोर म्हणतात. सहा टेबले, वर पत्रा, मागे मोकळी पडवी आणि पडवीत चूल. एक सत्तरीच्या आजी, त्यांची सून, लेक आणि शाळकरी नातू, एवढ्यांवर सगळा कारभार. माणसे झापोतेक जमातीची. आजी सुनेशी झापोतेक बोलत, गिऱ्हाइकाशी स्पॅनिश. आमची मुलगी दुभाषी झाली.

पहिलाच गोंधळ मजेचा झाला. आमच्या सौ. शाकाहारी, कांदा-लसूण खातात, पण अंडेही चालत नाही. मुलीने सुनेला विचारले, त्लायुदा कशाची करता? ती हसून म्हणाली, ‘‘मासा.’’ सौ.नी ताट बाजूला सारले. मुलीला हसू आवरेना. मासा म्हणजे मक्याचे भिजवून वाटलेले पीठ, आपल्या भाकरीच्या उंड्यासारखे. माशाचा संबंध नाही!

त्लायुदा म्हणजे मोठ्या परातीएवढी मक्याची पातळ भाकरी. तिची लहान बहीण तोर्तिया, ती तुम्ही कुठेतरी ऐकली असेल. त्लायुदा खापरावर मंद भाजून जरा चिवट वाळवतात, म्हणजे ती दिवसेंदिवस टिकते. खाताना तिच्यावर काळ्या घेवड्याचा लगदा, कोबी आणि केसियो नावाचे दोऱ्यांसारखे उकलणारे चीज घालून निखाऱ्यावर पुन्हा शेकतात. तळाशी डुकराच्या चरबीची खरवड फासण्याची रीत आहे. ती नको म्हटले की कोणी राग मानत नाही. घेवड्याला अवोकॅडोच्या भाजलेल्या पानांचा वास होता, थेट बडीशेपेसारखा. बाजूला फड्या निवडुंगाची काटे काढून भाजलेली पाने. सौ.नी ती खाल्ली आणि म्हणाल्या, ‘‘अहो, हे तर आपल्या बांधावर वाया जातंय.’’

माझ्यापुढे काळे मोले आले. मोले म्हणजे वाटणाचे दाट कालवण, कोंबडी किंवा टर्कीवर घालतात. वाहाकाच्या सात मोल्यांची ख्याती आहे. त्यांतले काळे सर्वांत मानाचे. चिल्वाक्ले नावाची काळी मिरची त्याच राज्यातल्या एका दरीत पिकते, ती भाजून घेतात. तिचे बी तर कोळसा होईपर्यंत करपवतात. मग तीळ, शेंगदाणे, मनुका, केळे, लवंग, दालचिनी, आणि शेवटी चॉकलेट. तुम्ही म्हणाल, कालवणात चॉकलेट? पण ते गोड वड्यांचे नव्हे. घरी भाजून वाटलेल्या कोकोचे, जरासे कडवट. खाताना मला सोलापूरकडच्या काळ्या मसाल्याची आठवण झाली. मिरची, तीळ, लवंग, खडा मसाला करपण्याच्या काठावर नेऊन काढायचा, ही युक्ती तिथल्या बायकांना आणि आपल्या बायकांना वेगवेगळी सुचली असेल. पण मिरची त्यांची. ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्याकडे आली, त्याला अजून सहाशे वर्षेही झाली नाहीत.

टेबलावर एका वाटीत तांबूस, कुरकुरीत काहीतरी होते. मी चष्मा लावून पाहिले तर नाकतोडे! लसूण, मीठ आणि लिंबू लावून भाजलेले. तिकडे त्यांना चापुलिनेस म्हणतात. लसूणघासाच्या आणि मक्याच्या रानात पहाटे ते गारठून सुस्त असतात, तेव्हा जाळीने झोडपून पकडतात आणि बाजारात ढीग लावून विकतात. आम्ही नाकतोड्यावर पत्रके छापतो, भुकटी सांगतो. इथे तो पकडणारीच्या दिवसाची मजुरी काढून देतो. आणि ज्या रानातला नाकतोडा खायचा, त्या रानात फवारणी करून कसे चालेल? मक्याच्या कणसावर येणाऱ्या काणीचेही असेच. आपण काणीचे कणीस तोडून जाळायला सांगतो. मेक्सिकोत ती फुगलेली करडी बुरशी वित्लाकोचे या नावाने भाजी करून खातात आणि ती साध्या कणसापेक्षा महाग विकली जाते. मी एक नाकतोडा खाल्ला. खारवलेल्या बारीक जवळ्यासारखा लागला. सौ.नी तोंड फिरवून घेतले होते.

आता चुलीकडे येतो, कारण सांगण्यासारखे खरे तिथेच होते.

जेवण झाल्यावर मी आजींना विचारले, हे पीठ कसे करता? आजी उठल्या आणि आम्हा सर्वांना पडवीत घेऊन गेल्या. एका हंड्यात मका भिजत होता, पाणी पिवळट. मी बोट बुडवले तर बुळबुळीत लागले. चुना! मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात उकळायचे, रात्रभर तसेच ठेवायचे, सकाळी चोळून धुवायचे. टरफल सुटून जाते, दाणा फुगतो. त्या दाण्याला निक्स्तामाल म्हणतात. तो ओलाच वाटला की मासा तयार. आजींच्या पडवीत काळ्या दगडाचा पाटा होता, तीन पायांचा, पुढे उतरता, त्यावर दोन्ही हातांनी धरायचा वरवंटा. रोजचे दळण आता गावातल्या गिरणीवर जाते. सणाचे मोले मात्र अजून पाट्यावरच.

वाचकहो, हा चुना केवळ टरफल काढण्यापुरता नाही. मक्यात नियासिन नावाचे ब गटातले जीवनसत्त्व असते, पण ते असे बांधलेले असते की नुसता मका दळून खाल्ला तर पोटाला मिळत नाही. चुन्याच्या पाण्यात उकळले की ते मोकळे होते. शिवाय चुन्याचे कॅल्शियम मिळते ते वेगळे. स्पॅनिश लोक मका युरोपात घेऊन गेले, पण त्याबरोबर चुन्याची रीत नेली नाही. मग इटली-स्पेनकडच्या गरिबांनी वर्षानुवर्षे नुसता मका खाल्ला आणि त्यांना पेलाग्रा झाला. कातडी सोलते, जुलाब लागतात, माणूस भ्रमिष्ट होतो. कारण नक्की सापडायला १९३७ साल उजाडले. आणि या खोऱ्यातल्या निरक्षर आज्या हजारो वर्षे चुन्यात मका उकळत होत्या! याच मित्ला गावाजवळ गिला नाकित्स नावाची कपार आहे, तिथे मक्याची सव्वासहा हजार वर्षांपूर्वीची बुरकुंडे सापडली. २०१० साली युनेस्कोने या टापूतल्या गुहांना जागतिक वारशात घेतले. आणि त्याच साली मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकालाही.

सून खापरावर भाकऱ्या टाकत होती. खापराला आधी चुन्याची निवळी फासून घेतली होती, म्हणजे पीठ चिकटत नाही. आमच्या सौ. बराच वेळ नुसत्या पाहत होत्या. मग त्यांना राहवेना. त्यांनी बांगड्या मागे सारल्या, हात धुतले आणि उंड्याकडे बोट दाखवले. सुनेने उंडा दिला. सौ.नी तो परातीत न थापता दोन्ही हातांवरच फिरवून थापला, आमच्याकडे बाजरीची थापतात तसा. ज्वारीच्या पिठाला आधण लागते, नाहीतर भाकरी चिरते. पण हे चुन्यातले पीठ इतके चिकट की कड सुद्धा फाटली नाही. भाकरी खापरावर पडली आणि टम्म फुगली. आजींनी टाळ्या वाजवल्या. नंतर अर्धा तास त्या तिघी काय बोलत होत्या देव जाणे, एकीची भाषा दुसरीला येत नव्हती. पण मुलीला कुणी हाक मारली नाही.

मी सुनेच्या नवऱ्याची चौकशी केली. तो आजींचा थोरला. २००९ साली लॉस एंजलिसला गेला, तिथे हॉटेलात भांडी घासण्यापासून सुरुवात केली, आता स्वयंपाकी आहे. कागदपत्रे नाहीत, म्हणून एकदा इकडे आला तर परत जाता यायचे नाही. तेरा वर्षांत तो आला नाही. नातू तेव्हा पोटात होता. बापलेक एकमेकांना फोनच्या काचेतून ओळखतात. या पडवीवरचा पत्रा, सहा टेबले, फ्रीज, सगळे त्याच्या पैशाचे.

हा मुलगा का गेला, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. १९९४ साली अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला मुक्त व्यापाराचा करार लागू झाला. अमेरिकेतला यंत्राने पिकवलेला, सरकारी मदतीवरचा मका येऊ लागला, आणि २००८ पासून त्याच्यावरची उरलीसुरली जकातही गेली. आजींची जमीन सव्वादोन हेक्टर, म्हणजे आपले साडेपाच एकर, सगळी जिरायत. चांगल्या वर्षी हेक्टरी एक-सव्वा टन मका. आपला संकरित मका पाण्यावर याच्या चौपट सहज देतो. एवढ्याशा मक्यावर घर कसे चालणार?

पण सुनेने मला हिशेब सांगितला तो ऐका. त्यांचा गावठी मका बाजारात घातला तर तेव्हा किलोला दहाएक पेसो मिळत. पेसो म्हणजे त्या वेळचे आपले चार रुपये. त्याच एका किलोच्या नऊ-दहा त्लायुदा होतात. चीज-घेवडा घातलेली एक त्लायुदा ताटात नव्वद पेसोला जाते. त्यातून चीज, लाकूड, गिरणी, नासधूस वजा करा. तरी ज्या किलोचे दहा पेसो आले असते, त्याचे घरात चार-पाचशे राहतात. घेवडा आणि भोपळा त्याच मक्याच्या शेतातला. मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, खाली भोपळ्याचा वेल जमीन झाकतो, तण दडपतो. या मिश्र पिकाला मिल्पा म्हणतात. आपण बाजरीत तूर, मटकी, हुलगा टाकतो तसेच. सुनेने स्पष्ट सांगितले, की खानावळ नसती तर आम्हीही मका मोडून घायपात लावले असते, शेजाऱ्याने लावले तसे.

आणि पुण्या-मुंबईची माणसे जशी हुरड्याला येतात, तशी तिथे दूरदूरची माणसे येतात. पण ताटात गावचेच मिळते. आपल्याकडे महामार्गावरच्या धाब्यावर थांबा. ज्वारीच्या पट्ट्यात बसून पनीरची भाजी आणि तंदुरी रोटी! भाकरी मागितली तर वाढपी म्हणतो, ‘‘अर्धा तास लागेल.’’ कृषी पर्यटनाची पाटी लावलेल्या ठिकाणीही मी शेजवान राइस खाल्लेला आहे. हे मला बोलल्यावाचून राहवत नाही.

हायब्रीडला नावे ठेवणाऱ्यांतला मी नाही, हेही लगेच सांगतो. १९७२ च्या दुष्काळात लाल मिलो आणि सुकडी खाऊन ज्यांनी दिवस काढले, त्यांना हायब्रीड ज्वारीचे मोल विचारा. आजींचा मका बोलिता जातीचा. ठेंगणा, लवकर येणारा, दाणा गोलसर. त्लायुदाला तोच लागतो. दुसऱ्या मक्याची तशी पातळ आणि चिवट होत नाही, असे तिथल्या बायका ठामपणे सांगतात. जिथे दाण्याला चवीचे दाम आहेत तिथे जुने वाण उभे राहते. जिथे कोंबडीखाद्याच्या कारखान्याला वजनच हवे, तिथे ते राहणार नाही, मी कितीही पत्रके छापली तरी.

निघताना आजींनी आम्हाला परवाचे, म्हणजे २ नोव्हेंबरचे आमंत्रण दिले. तो त्यांचा मेलेल्यांचा सण. १ तारखेला गेलेली लेकरे घरी येतात, २ तारखेला मोठी माणसे. आपल्या पितृपक्षासारखेच म्हणा, फक्त त्यांच्याकडे हसतमुख. आम्ही गेलो. टेबले भिंतीला सारली होती. कोपऱ्यात मांडणी करून आजोबांचा फोटो ठेवला होता, पुढे पाव, फळे, काळे मोले, पाण्याचा पेला आणि मेस्कालची बाटली. आणि झेंडू! दारापासून फोटोपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घातलेली, येणाऱ्याला घर चुकू नये म्हणून. आमच्या गावी दसऱ्याला झेंडूचा भाव पडला म्हणून लोकांनी क्रेट रस्त्यावर ओतलेले मी कितीदा पाहिले आहेत. तिथे त्याच फुलाशिवाय बाप घरी येत नाही.

शेजारणी मदतीला आल्या होत्या, कुणी कोंबडी आणली होती, कुणी कोको. या देवघेवीला ते गेलागेत्सा म्हणतात. आज तू माझ्याकडे दोन कोंबड्या आणल्यास, त्या वहीत लिहून ठेवायच्या. तुझ्याकडे कार्य निघाले की मी त्या फेडीन. आपली सावड, आपले इर्जिक हेच आहे. आपल्याकडे ते आहेरापुरते उरले.

दुपारी लॉस एंजलिसहून फोन आला. नातवाने तो फोन उचलून आजोबांच्या फोटोपुढे धरला. तिकडून त्या मुलाने बापाला नमस्कार केला. स्वयंपाकघरातला पांढरा कोट अंगात होता, कामावरूनच बोलत होता. कुणी रडले नाही. आजी मात्र फोन ठेवल्यावर चुलीतले लाकूड बराच वेळ उगीच पुढे-मागे करत होत्या.

मग त्यांनी मला विचारले, तुला मुले किती? मी म्हटले, ही एकच, आणि ही इथे. जमीन? साडेतीन एकर, भाऊ करतो; त्याचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. ‘‘मग पुढे कोण पेरणार?’’ आमची मुलगी हे भाषांतर करताना जरा थांबली, आणि माझे उत्तर येण्याआधीच खाली पाहू लागली. मी काय सांगणार? म्हटले, अजून ठरले नाही. आजींनी विचारले, तुझी नोकरी कधी संपते? अठ्ठावन्नाव्या वर्षी. त्या मोठ्याने हसल्या. ‘‘मग तूच पेर की! माझा नवरा गेला तेव्हा मी साठ वर्षांची होते. बैल दुसऱ्याचे होते, पण नांगराचा रुमणा मीच धरला.’’ सौ. माझ्याकडे पाहत होत्या. घरी या विषयावर आम्ही दोन वर्षे बोललो नव्हतो, कारण शहरात फ्लॅट घ्यायचा बेत होता.

पुढचा प्रसंग मला अवघड गेला. आजी आत गेल्या आणि पदरात चार कणसे घेऊन आल्या. एक पांढरे, एक पिवळे, एक निळसर काळे आणि एक तांबडे. आढ्याला टांगून, धुराने राखलेले बियाणे. माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, ‘‘तुझ्या साडेतीन एकरांत लाव.’’

शेतकऱ्याने हातात दिलेले बी परत करणे म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवे का? पण परवानगीवाचून परदेशी बी आणणे आपल्या कायद्याने गुन्हा आहे, आणि हा कायदा उगीच नाही. मक्यावरची लष्करी अळी मूळची अमेरिका खंडातली. २०१८ च्या मे महिन्यात ती कर्नाटकात प्रथम सापडली आणि पुढच्याच हंगामात आपल्या मक्याचे पोंगे तिने चाळणीसारखे केले. २०१९ चा अख्खा पावसाळा मी तिच्यामागे फिरलो. माहीत असताना मी ती कणसे पिशवीत कशी घालणार? मुलीला म्हटले, एक शब्द न गाळता आजींना सांग.

आजींनी ऐकून घेतले. अळीचे नाव निघताच त्यांचा चेहरा ओळखीचा झाला. तिला तिकडे ‘कोगोयेरो’ म्हणतात, कोगोयो म्हणजे पोंगा, पोंग्यातली अळी. आजी म्हणाल्या, ‘‘ती तर माझ्या आजीच्याही शेतात होती. पोंग्यात चिमूटभर माती टाकायची, गुदमरते.’’ आम्ही आपल्याकडे नऊ भाग वाळूला एक भाग चुना मिसळून पोंग्यात टाकायला सांगतो, ते आठवून मला हसू आले.

पण त्यांना वाईट वाटले होते, ते दिसत होते. त्यांनी कणसे परत घेतली, क्षणभर हातात धरली. मग पाटीवर बसून चारही सोलली आणि दाणे चुन्याच्या हंड्यात टाकून दिले. ‘‘मग पोटातून ने. उद्या सकाळी जाण्याआधी ये.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ते खाऊन निघालो. चार रंगांचे पीठ एकत्र झाले की राखाडी दिसते.

घरी आल्यावर सौ.नी आपल्या मक्यावर हा प्रयोग केला, त्याची कृती देतो. आपण मका पिकवतो तो बहुतेक कोंबडीखाद्याला आणि स्टार्चच्या कारखान्याला. भाकरीला तो सातपुड्यातले आदिवासी बांधव वापरतात, बाकीचे फार थोडे. एक किलो स्वच्छ, न कुबटलेला मका घ्या. पेरणीच्या पिशवीतले रंग लावलेले बी चुकूनही घेऊ नका, त्याला औषध असते. तीन लिटर पाण्यात दहा ग्रॅम खाण्याचा चुना कालवा. पानाला लागतो तो, भिंतीचा नव्हे. भांडे स्टीलचे घ्या, अॅल्युमिनियमला चुना खातो. मका त्यात पाऊण तास मंद उकळा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी दोन-तीन पाण्यांनी चोळून धुवा, टरफले वाहून जातील. मग पाट्यावर किंवा ओल्या दळणाच्या यंत्रावर, पाण्याचा नुसता हबका मारत, घट्ट वाटा.

आमची पहिली भाकरी जाडच झाली. संकरित मक्याचा दाणा कठीण, बोलितासारखी पातळ थापली जाईना. पण संध्याकाळपर्यंत मऊ राहिली आणि दुमडली तरी मोडली नाही. भावजयीला आवडली. भाऊ म्हणाला, ‘‘चुन्याचा वास येतो, पान खाल्ल्यासारखं वाटतं.’’ दुसऱ्या वेळी चुना आठ ग्रॅमच घेतला, तेव्हा तो काही बोलला नाही आणि दोन भाकऱ्या खाऊन उठला.

शहरातल्या फ्लॅटची गोष्ट तेव्हापासून घरात कुणी काढलेली नाही. या पावसाळ्यात घरापुढच्या पाच गुंठ्यांत मका, त्यावर घेवडा आणि खाली लाल भोपळा असे सौ.नी स्वतः टोकले आहे. मी सुटीच्या दिवशी गावी जातो. घेवड्याला मावा पडला आहे, त्याचे पाहायचे आहे.